लुआंग पोंचं शून्य

१

विहाराच्या पायरीवर ओरासाचं यंत्र ठेवलेलं होतं आणि त्यावर कुणीतरी माशांची आतडी ओतली होती.

गाडीतून उतरल्या उतरल्या तिने ते पाहिलं. गेल्या वर्षी हेच यंत्र तिने बान कुत साय गावाच्या आरोग्य केंद्रात आणून ठेवलं, तेव्हा याच लोकांनी त्याला मोगऱ्याची माळ घातली होती. आज त्यावर माशा घोंघावत होत्या. चिंचेखाली बसलेली माणसं तिच्याकडे बघत होती, पण जागचं कुणी हललं नाही. थायलंडच्या ईशान्येला, इसानात, वैऱ्यालाही आधी 'भात खाल्लास का' असं विचारतात आणि मग भांडतात. ओरासाला ते कुणी विचारलं नाही.

मुखिया कामसिंग तेवढा पुढे आला. "आलात? बरं झालं. उचला तुमचं भांडं आणि चालू लागा."

"चालू लागायला आले नाही मी. मुखिया, यंत्राने चूक केली असेल तर मला ती बघू द्या."

"चूक?" कामसिंगने मंडपाकडे बोट दाखवलं. आत विहाराच्या थोरल्या भिक्षूंच्या, लुआंग पोंच्या, सोनेरी शवपेटीभोवती दिव्यांची माळ लुकलुकत होती. "आमचे लुआंग पो त्यात निजलेत. हळदीसारखे पिवळे होऊन गेले. पित्तनळीत गाठ होती म्हणे, मुठीएवढी. आणि तुमच्या यंत्राने काय सांगितलं होतं? शून्य! सगळ्या गावासमोर शून्य! आम्ही टाळ्या वाजवल्या हो, मास्तरीणबाई. मेलेल्या माणसाला टाळ्या वाजवल्या."

ओरासा काही गोड बाई नव्हती. विद्यापीठात तिचे विद्यार्थी तिला लांबून येताना पाहिलं की जिना बदलत. पण या वेळी तिने जीभ आवरली. इथे डाव तिच्या रागाहून मोठा होता. कच्चा मासा खाल्ला की एक चपटा किडा पोटात जातो, पित्तनळीत घर करतो आणि वर्षानुवर्षं तिथे बसून माणसाला गाठ देतो. तिचं यंत्र लघवीच्या एका थेंबात त्या किड्याचा अंश ओळखत असे. अंक मोठा आला की माणसाला सोनोग्राफीला बोलवायचं आणि गाठ बोराएवढी असतानाच कापून काढायची. गेल्या वर्षी तालुक्यात अशी माणसं खरोखर वाचली होती. यंदा बान कुत सायने लघवीचे कप द्यायला नकार दिला आणि मागोमाग शेजारची गावंही फिरली. आरोग्य खात्याने सरळ सांगितलं होतं, या गावाने आठवडाभरात कप दिले तर ठीक, नाहीतर तालुक्यातली तपासणी बंद. या चिंचेखाली बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी पोटात आत्ता बोराएवढी गाठ असणार, आणि ती कुणाच्या, हे आतडी ओतलेलं यंत्रच काय ते सांगू शकत होतं.

"मला दुपारपर्यंत वेळ द्या," ती म्हणाली.

"दुपारी आम्ही ते कुतात बुडवणार आहोत," कामसिंग म्हणाला. कुत म्हणजे गावामागचं नदीचं तुटलेलं वळण, गावाचे मासे तिथूनच यायचे. "तोवर घ्या खेळून."

२

हातपंपाखाली तिने यंत्र धुतलं, पुसलं आणि मंडपाच्या कोपऱ्यात बसून चालू केलं. ते सुरू झालं. चिवट होतं बिचारं.

पट्टीवर सोन्याचा बारीक ठिपका असतो आणि त्या ठिपक्यावर किड्याच्या अंशाला पकडून ठेवणारे रेणू बसवलेले असतात. थेंब पडला की यंत्र विजेचा दाब हळूहळू वाढवत नेतं. वाहणाऱ्या विजेची एक रेघ उमटते, त्या रेघेवरून अंक निघतो. लोकांना फक्त अंक दिसतो, पण रेघा आत साठवलेल्या असतात.

तिने लुआंग पोंची रेघ काढली. पट्टी मेलेली नव्हती, कारण प्रत्येक पट्टी आधी स्वतःची चाचणी करते आणि ती चाचणी नीट झाली होती. शून्य खरं होतं. पण रेघेच्या शेपटाकडे एक ठसठशीत उंचवटा होता.

असे उंचवटे तिने शेकड्यांनी पाहिले होते आणि यंत्राला ते सोडून द्यायला शिकवलं होतं. लघवीत हजार भानगडी असतात. प्रत्येक पदार्थ विजेच्या आपापल्या दाबाला डोकं वर काढतो. जागा कळली की पदार्थ कळतो. आज पहिल्यांदाच तिला वाटलं, या कचऱ्याला नाव विचारून बघावं.

तिची शंका साधी होती. रस्त्यापलीकडच्या दुकानातून तिने तापाची, अंगदुखीची पांढरी गोळी आणली, जी इसानातला प्रत्येक शेतकरी मिठासारखी खातो. दुकानदारणीने पैसे घेतले आणि गोळी फळीवर आपटली, हातात दिली नाही. ओरासाने ती पाण्यात विरघळवली, थेंब नव्या पट्टीवर सोडला. उंचवटा त्याच जागी आला.

"काय चाललंय? आमच्या लुआंग पोंच्या डोक्याशी बसून भातुकली?"

विहाराचा कारभारी थित सुवान पाठीशी उभा होता. तरुणपणी चीवर घालून मग संसारात परत आलेला, म्हणून थित. नाक वर, आवाज मंत्र म्हणून म्हणून घोगरा झालेला.

"थित, लुआंग पोंना कंबरदुखी होती? डोकेदुखी? गोळ्या घ्यायचे?"

थित सुवानने तिच्याकडे असं बघितलं जसं काही तिने पेटीवर पाय ठेवला. "गोळ्या? अहो, मलेरियात फणफणले होते तेव्हाही गोळी घेतली नाही त्यांनी. अगदी शेवटी, कावीळ डोळ्यांत उतरली तेव्हा इस्पितळात नेलं, तिथेही तोंड मिटून घेतलं. औषध म्हणजे कडू काढा, बाकी काही नाही. साऱ्या गावाला विचारा. तुमच्यासारखे नव्हते ते, शिंक आली की डबा उघडणारे."

ओरासाने पुन्हा रेघेकडे पाहिलं.

गोळी न घेणाऱ्या माणसाच्या कपात गोळी होती. म्हणजे तो कप लुआंग पोंचा नव्हताच.

३

"कप कुणी आणला त्यांच्या कुटीतून?"

"मी. दुसरं कोण आणणार? भिक्षूच्या हातातून बाईमाणूस काही घेऊ शकतं का? त्यांनी कप चटईवर ठेवला, मी उचलला आणि खाली मेजावर आणून दिला."

"आणि तुम्हाला गुडघेदुखी आहे."

"आहे. मग?"

"गोळ्या घेता?"

"रोज. मंत्र म्हणायला तुम्ही बसा मांडी घालून, मग कळेल."

आता ओरासाचा तोल सुटला. माणसं मंडपाच्या कठड्याशी जमली होती, त्यांच्यासमोरच ती बोलली. "भिक्षूने कच्चं मांस, कच्चा मासा स्वीकारायचा नाही, हा नियम. लुआंग पोंच्या पोटात किडा निघाला असता तर सगळ्या तालुक्याला कळलं असतं की ते कच्चा मासा खातात. नव्या स्तूपाच्या देणग्या थांबल्या असत्या. कप तुमच्याच हातात होता, थित. वाटेत त्यांचा ओतून दिलात आणि स्वतःचा भरलात."

मग थित सुवान हसला. मोकळं हसू नव्हतं ते, दात दाखवले फक्त.

"मास्तरीणबाई, तुमच्या त्या भांड्यात माझाही अंक असेल. काढा. मोठ्याने वाचा."

तिने काढला. वाचायची गरज नव्हती, तिचा चेहराच बोलला. थित सुवानचा अंक गावात वरून दुसरा होता. उंचवटा होता आणि किडाही होता. त्याच्या लघवीने कुणालाही शून्य मिळालं नसतं.

"खाई त्याला खवखवे!" तो म्हणाला. "मी खातो कच्चा मासा, सांगून खातो. मी काही भिक्षू नाही आता. लुआंग पोंवर आणि माझ्यावर चोरीचा आळ घेता, तेही त्यांच्या पेटीसमोर?" तो बाजूला थुंकला.

"मग मुखियांचं काय?" ओरासा मागे हटणारी नव्हती. "आधी लुआंग पो कप देतील, मग गाव, असा हट्ट तुमचाच ना? 'कच्चा मासा न खाणारं गाव' अशी पाटी लावायची होती तुम्हाला वेशीवर."

"लावायची होती," कामसिंग म्हणाला. "अजूनही लावायचीय. पण माझा अंक तिसरा होता, बाई. तिसरा! दारूबरोबर दुसरं काय खाणार माणूस? मी कुणाला शून्य देणार कपाळ?"

"पहिला कुणाचा ते विचारा की!" मागून एक बाई ओरडली, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा माणसं हसली. हसू एकाच दिशेला वळलं. मंडपाच्या मागच्या दारात एक म्हातारी बांबूची भाताची टोपली घेऊन उभी होती. तिने मान खाली घातली.

"आमची आरोग्यसेविका!" कामसिंग म्हणाला. "घरोघर फिरून सांगते, मासा शिजवून खा, मासा शिजवून खा. आणि अंक सगळ्यांत मोठा तिचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!"

म्हातारी टोपली घेऊन मागच्या मागे निघून गेली. ओरासाला ती आठवली. मे सीदा, लुआंग पोंची धाकटी बहीण. गावातली मोठी बाई म्हणून सगळे तिला मे, म्हणजे आई, म्हणत आणि वर्षभर हसत होते.

"दुपार झाली, मास्तरीणबाई," थित सुवान म्हणाला. दोन तरुण यंत्राला दोर बांधायला वाकले.

"हात लावाल तर पोलिसात जाईन!" ओरासा इतक्या जोरात ओरडली की पोरं खरोखर थबकली. "सूर्य कललेला नाही अजून. मी येते. तोवर कुणी शिवायचं नाही."

४

विहारामागच्या स्वयंपाकघरात मे सीदा निखाऱ्यांवर मासा भाजत होती. तिने ओरासापुढे पाण्याचा गडू सरकवला. सकाळपासून गावात मिळालेलं ते पहिलं पाणी होतं, पण देणारीच्या चेहऱ्यावर माया नव्हती.

"पाणी प्या आणि जा. माझ्या भावाला निवांत पडू द्या."

"मे, तुम्हाला वर्षभर लोक हसताहेत. राग नाही येत यंत्राचा?"

"मी खाल्लं असेल. यंत्र खोटं कशाला बोलेल?"

हे ऐकून ओरासाच्या कपाळाला आठी पडली. ज्या गावात प्रत्येक जण यंत्र खोटं म्हणतो, तिथे ज्या एका बाईची त्याने अब्रू घालवली तीच त्याला खरं म्हणत होती.

मे सीदाने मासा उलटला. कडा कोळशासारख्या झाल्या होत्या तरी ती तो निखाऱ्यांवर दाबतच राहिली.

"करपला की."

"मला असाच आवडतो. लहानपणी घशात काटा अडकला, तेव्हापासून ओला मासा घशाखाली उतरत नाही." बोलून झाल्यावर ती थांबली. "म्हणजे, घरी. कधी कधी."

"आणि कोय? लिंबू पिळलेला, चिरलेला मासा? तो उतरतो?"

"तो शिजलेलाच की. मासा बारीक चिरायचा, वर इतकं लिंबू पिळायचं की मांस पांढरं पडतं. मग तिखट, भाजलेल्या तांदळाचं पीठ, पुदिना. आईच्या हातचं तसंच..." तिने ओठ मिटले.

"लिंबाने किडा मरत नाही, मे."

"माहीत आहे. तुम्हीच शिकवलंत," ती कडवटपणे म्हणाली. "गेल्या वर्षी, कप घेण्याच्या आदल्या दिवशी. तोवर कुणी सांगितलं होतं? आमच्या आज्यापणज्यांनी लिंबानेच शिजवलं."

उठताना तिने कंबर धरली. कनवटीतून पुडी काढली, एक पांढरी गोळी जिभेवर टाकली आणि पाण्याबरोबर गिळली. डोळे मिटून ती दुखणं उतरायची वाट पाहत राहिली.

"रोज घेता?"

"धाकटा झाला तेव्हापासून. एक दिवस चुकला तर चटईवरून उठता येत नाही. आता जा, बाई. मला त्याच्यासाठी पान वाढायचंय." मेलेल्या भिक्षूच्या पेटीसमोरही ती दोन्ही वेळचं पान ठेवत असे.

ओरासा मंडपाकडे निघाली, चालता चालता पळू लागली. आपण इतका वेळ साप साप म्हणून भुई धोपटत होतो, असं तिला वाटलं. उंचवटा कुणाच्या रेघेत आहे हे ती शोधत बसली होती. अर्ध्या गावाच्या रेघेत तो असणार. विचारायला हवं होतं ते उलट.

तिने मे सीदाची रेघ काढली. अंक गावात सगळ्यांत मोठा होता. आणि शेपटाकडे, जिथे गोळीने डोकं वर काढायला हवं, तिथे रेघ खळ्यासारखी सपाट होती.

५

"थांबा!" ती म्हणाली, पण यंत्र आधीच पोरांच्या खांद्यावर होतं. "मे सीदाला बोलवा. तिच्यासमोर ऐका आणि मग बुडवायचं तर बुडवा. मीच ढकलीन."

मे सीदा हातात पान घेऊन आली. तिने ते पेटीसमोर ठेवलं, हात जोडले. मग वळली. माणसं कठड्यावर, पायऱ्यांवर, खांबांना टेकून उभी होती. कुणाच्याही तोंडावर दया नव्हती, ना ओरासासाठी, ना त्या म्हातारीसाठी.

ओरासाने सांगितलं. लुआंग पो गोळी घेत नव्हते, त्यांच्या कपात गोळी आहे. मे सीदा गोळीवाचून उठू शकत नाहीत, त्यांच्या कपात गोळी नाही. मे सीदा करपवल्याशिवाय मासा खात नाहीत, त्यांच्या कपात किड्याचा गावातला सगळ्यांत मोठा अंक. "यंत्राने दोन्ही कप बरोबर वाचले. कपांवरची नावं उलटी होती. थितने कप खाली आणला, मुखियांनी बाजूला उभं राहून टाळ्या वाजवल्या. पण मेजावर बसून नावाच्या चिठ्ठ्या कोण चिकटवत होतं?"

"गप्प बसा!" थित सुवान गरजला. "सख्खी बहीण ती!"

"मीच चिकटवल्या," मे सीदा म्हणाली.

तिचा आवाज इतका साधा होता की पुढच्यांनी ऐकून मागच्यांना सांगावं लागलं.

"कोय मीच न्यायची त्याच्यासाठी. लहानपणापासून आवडायचं त्याला. लिंबाने शिजलंय असं मी सांगायची, तो मानायचा. मग या बाईंनी शिकवलं, लिंबाने शिजत नाही. दुसऱ्या दिवशी मुखिया म्हणाला, पहिला कप लुआंग पोंचा. माझ्या लक्षात आलं, त्याच्या नावावर किडा येणार. एवढी वर्षं चीवरात काढली त्याने, नियम माझ्या हाताने मोडला, आणि गाव त्याला हसणार." तिने कामसिंगकडे पाहिलं. "तुम्ही हसता ना? हसता. म्हणून मी त्याचं माझ्यावर घेतलं. मला काय, म्हातारीला हसलात तर हसलात."

"मग किडा तसाच ठेवलास त्याच्या पोटात?" कामसिंग ओरडला. "नावासाठी?"

"नाही!" ती पहिल्यांदा चवताळली. "मी काय राक्षसीण आहे? माझ्या अंकावर मला किड्याच्या गोळ्या मिळाल्या. त्या सगळ्या कुटून त्याच्या भातात घातल्या मी. एकही ठेवली नाही. मग तो का मेला? हे मला कुणी सांगत नाही." ती ओरासाकडे वळली. "गोळी दिली की किडा मरतो, तुम्हीच म्हणालात. मेला ना किडा?"

ओरासाला हे विचारलं जाईल असं वाटलं नव्हतं. सकाळपासून तिला फक्त जिंकायचं होतं. आता ती जिंकली होती आणि तिला पळून जावंसं वाटत होतं.

"किडा मेला, मे. पण किड्याने आधीच गाठ रुजवली होती. गोळीने गाठ जात नाही. गाठ सोनोग्राफीत दिसते. मोठा अंक आला की म्हणून तर इस्पितळात बोलावतात."

"बोलावलं होतं," मे सीदा म्हणाली. "मोठ्या इस्पितळात. मी गेले. खाटेवर निजवलं, गार चिकट काहीतरी लावलं पोटाला, कुशीवर वळवलं. डॉक्टर फार भला होता. म्हणाला, आजी, काही नाही तुमच्या पोटात, सगळं स्वच्छ आहे. मी येताना..."

ती थांबली. तोंड उघडंच राहिलं.

"ती खाट त्याची होती," ती म्हणाली.

तिच्या शेजारी उभ्या असलेल्या दोन बायका हळूच सरकल्या, जशी भिजलेल्या कुत्र्यापासून माणसं सरकतात. थित सुवानने पाठ फिरवली आणि तो पेटीसमोर बसून मंत्र म्हणू लागला, पण शब्द पुढे जाईनात.

कामसिंगने पोरांना खूण केली. त्यांनी यंत्र खाली ठेवलं, मेजावर, आणि दोर सोडला.

"कप काढा, मास्तरीणबाई," तो खेकसला. "आणि चिठ्ठ्या ज्याच्या त्याच्या हाती द्या. ज्याने त्याने आपलं नाव आपण लिहायचं. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये." तो 'दुसऱ्या कुणाचा' म्हणाला तेव्हा तो कुणाबद्दल बोलतोय ते सगळ्यांना कळलं.

रांग लागली. रागातच लागली. कुणी कुणाशी बोललं नाही, ओरासाशीही नाही. कप हिसकावून घेतल्यासारखे घेतले, परत आणून आपटल्यासारखे ठेवले. ती पट्ट्या लावत राहिली. एका तरुण बाईचा अंक मोठा आला, तसं ओरासाने इस्पितळाला तिथूनच फोन केला. त्या बाईने आभार मानले नाहीत, फक्त नवऱ्याचा हात घट्ट धरला.

सगळ्यांच्या मागे, बरीच जागा सोडून, मे सीदा उभी होती. तिची पाळी आली तेव्हा मंडपात मोजकी माणसं उरली होती. तिने कप पुढे केला. चिठ्ठीवर नाव तिच्याच हातचं होतं, वाकडं.

"मे, याची गरज नाही," ओरासा हलकेच म्हणाली. "तुमचं शून्य येणार. मला माहीत आहे."

"मलाही माहीत आहे," मे सीदा म्हणाली. "पण या वेळी माझं मला येऊ द्या."